स्पीच थेरपिस्ट नक्की करतात काय? (आणि ‘घरात मराठी बंद करा’ या सल्ल्याबद्दल थोडं)

झुळूक (धागाकर्ती)

शेजारच्या ‘मुलगा तीन वर्षांचा झाला, अजून बोलत नाही’ या धाग्यावर चौघांनी वेखंड सांगितलं, एकीने पोपटाचा उष्टा पेरू, दोघांनी ‘आमच्याकडे सगळे उशिराच बोलतात, निर्धास्त राहा’ असा निर्वाळा दिला, आणि एका सभासदाने ‘घरात मराठी बंद करा, एकच भाषा ठेवा, इंग्रजी’ असं छातीठोकपणे लिहून टाकलं. तिथे उत्तर द्यायला बसले तर माझा प्रतिसाद मूळ धाग्याच्या वर जायला लागला. म्हणून ही वेगळी चूल.

मी पुण्यात स्पीच थेरपिस्ट आहे. पाटीवर ‘ऑडिओलॉजिस्ट अँड स्पीच लँग्वेज पॅथॉलॉजिस्ट’ असं लांबलचक लिहिलंय, पण वॉचमनपासून पेशंटपर्यंत सगळ्यांसाठी मी ‘स्पीचवाल्या मॅडम’. सकाळी एका हॉस्पिटलमध्ये, दुपारनंतर स्वतःचं छोटंसं क्लिनिक.

लोकांना वाटतं आम्ही फक्त बोबड्या मुलांना ‘र’ म्हणायला लावतो. तेही करतो. पण सकाळच्या पाळीत एकही मूल नसतं. तिथे पक्षाघाताचे पेशंट असतात, डोक्याला मार लागलेले असतात, तंबाखूने स्वरयंत्र गेलेले असतात. गळ्याला कायमचं भोक पाडलेल्या माणसाला पुन्हा आवाज मिळवून द्यायचा, मग तो अन्ननलिकेतून काढलेला असेल, श्वासनलिका आणि अन्ननलिकेच्या मध्ये बसवलेल्या छोट्या झडपेतून असेल किंवा गळ्याला लावायच्या यंत्रातून. शिवाय कॉलेजात गेला तरी आवाज फुटलेला नाही म्हणून फोनवर ‘ताई’ ऐकून घेणारा मुलगा येतो. टाळू दुभंगलेल्या बाळाची शस्त्रक्रिया झाली की पुढचं उच्चारांचं काम आमचं.

आणि गिळणं! हे कुणाच्या गावीही नसतं. हॉस्पिटलमधला माझा निम्मा वेळ ‘या पेशंटला तोंडाने खायला देता येईल का’ या प्रश्नात जातो. पलंग सरळ करायचा, माणसाला ताठ बसवायचं, चमच्यात अगदी थोडं पाणी द्यायचं आणि आपली बोटं त्याच्या गळ्यावर हलकी ठेवायची. कंठमणी वर उचलला गेला का, किती उशिराने गेला, ते बोटांना कळतं. मग ‘आऽ म्हणा’. आवाज स्वच्छ आला तर पुढचा चमचा. पाण्यातून आल्यासारखा घोगरा, ओला आला तर थांबायचं, कारण घोट स्वरयंत्रापाशी रेंगाळतोय, तो फुप्फुसात उतरू शकतो. त्यातून न्यूमोनिया होतो. काही पेशंट ठसकतसुद्धा नाहीत, पाणी गुपचूप खाली जातं. अशा वेळी दुर्बिणीने किंवा एक्स-रेच्या चलचित्रात गिळणं बघावं लागतं. नातेवाईक मात्र नाकातल्या नळीवर वैतागलेले असतात आणि आमची पाठ वळली की शहाळ्याचं पाणी पाजतात. प्रेमापोटीच. पण पाणी आणि शहाळं हेच गिळायला सगळ्यात अवघड, कारण पातळ पदार्थ वेगाने घसरतो. दाटसर पेज बऱ्याचदा जास्त सुरक्षित असते.

आता मुलांबद्दल, कारण शंका तिथेच जास्त येणार.

मूल बोलत नाही म्हणून आलं की आधी कान. ‘भांडं पडलं की दचकतो, कुकरची शिट्टी कळते’ यावरून ऐकू येतं असं ठरवू नका. मोठे, खालच्या पट्टीतले आवाज येत असतील आणि ‘स’, ‘श’, ‘फ’ सारखे बारीक आवाज येतच नसतील, तर मूल घरात वावरतं अगदी ऐकणाऱ्यासारखं, पण शब्द मात्र त्याला अर्धेच पोचतात. ओएई आणि बेरा या कानाच्या तपासण्या झोपलेल्या बाळाच्याही करता येतात. जगभर मानलेला हिशेब असा: पहिल्या महिन्यात चाळणी (प्राथमिक तपासणी), तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत कानाचं मशीन आणि थेरपी सुरू.

कान ठीक असतील तर पुढे बघतो मूल शब्दांशिवाय काय करतं. हवी ती वस्तू बोटाने दाखवतं का? विमान दिसलं तर आधी विमानाकडे आणि मग आईकडे बघतं का? हाक मारली की वळतं का? वर्षाचं झालं तरी बोट दाखवणं, टाटा करणं नाही, दीड वर्षाला एकही शब्द नाही, दोन वर्षांना ‘बाबा गेले’, ‘अजून दूध’ असे दोन शब्द जोडत नाही, किंवा येत असलेले शब्द कुठल्याही वयात गेले, यातलं काहीही दिसलं तर ‘तीन वर्षांपर्यंत वाट बघू’ म्हणू नका. तपासून ‘सगळं ठीक आहे’ ऐकून घरी जाणं केव्हाही चांगलं.

आणि भाषा. दोन किंवा तीन भाषा कानावर पडल्याने मूल उशिरा बोलतं, याला संशोधनाचा आधार नाही. स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलांच्या बाबतीतही नाही. शब्द मोजताना आम्ही सगळ्या भाषांतले मिळून मोजतो. उलट मराठी बंद केल्यावर घरात काय उरतं ते मी रोज ऐकते. ‘कम’, ‘सिट’, ‘ईट’, ‘नो नो’, ‘गुड बॉय’. ज्या भाषेत आई-बाबांना रागावता येतं, लाडावता येतं, थापा मारता येतात, ती काढून घेतली तर मुलासमोर हुकूम तेवढे राहतात. आजी तर बिचारी गप्पच होते. आमच्याकडची पाऊण तासाची दोन सेशन्स म्हणजे आठवड्यातले दीड तास. उरलेला आठवडा घरचा आहे, आणि थेरपी खरं तर तिथेच होते किंवा होत नाही.

विचारा आता.

*

तिरकस

चांगलं लिहिलंय. पण रोखठोक विचारतो. भाच्याला एका ठिकाणी नेत होतो. पाऊण तासाचे आठशे रुपये. काचेतून बघितलं तर मॅडम त्याच्याशी साबणाचे बुडबुडे खेळत होत्या. पाऊण तास. हे तर आम्ही घरीही खेळलो असतो की.

*

झुळूक

@तिरकस, घरीही खेळा असंच तर आमचं म्हणणं असतं. :) पण कसे, ते सांगते.

बुडबुड्यांची बाटली झाकण घट्ट लावून मुलाच्या हातात द्यायची. त्याला उघडता येत नाही. आता मी काहीच करत नाही. त्याच्या उंचीला खाली बसते, बघते, थांबते. ते बाटली आपटतं, दातांनी ओढतं, मग कधीतरी माझ्याकडे बघतं. बघितलं? तेच हवं होतं. ‘उघड?’ म्हणायचं, उघडायचं, एकच फुंकर मारायची आणि पुन्हा झाकण लावायचं. काही दिवसांनी नुसतं बघणं पुरत नाही, बाटली माझ्या हातात द्यावी लागते. मग ‘उ’. मग ‘उघ’. एका फुंकरीमागे एकदा मागायला लागतं, म्हणजे पाऊण तासात मूल कितीदा तरी मागतं. घरी काय होतं? आजी मुलाचं तोंड बघून झाकण उघडूनच देते, पाण्याचा पेला तहान लागायच्या आधी पुढे येतो. मागायची वेळच येत नाही त्याच्यावर. मीही थांबले की बाजूला बसलेली आजी म्हणतेच, ‘अगं, किती छळशील लेकराला!’ त्यांना पाच-सहा सेकंद हात आवरून बसायला शिकवणं हे बुडबुड्यांपेक्षा कठीण काम आहे.

मात्र तुमचा एक मुद्दा शंभर टक्के मान्य. काचेबाहेर कशाला उभे होतात? पालकांना आत बसवत नसतील, काय केलं आणि घरी काय करायचं हे सांगत नसतील, तर तुम्ही प्रश्न विचारायलाच हवेत. आणि भिंतीवर आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी बघा. तिचा १९९२ चा कायदा आहे, नोंदणी नसताना हा व्यवसाय करणं शिक्षापात्र आहे. पंधरा दिवसांचा ऑनलाइन कोर्स करून ‘स्पीच ट्रेनर’ झालेले हल्ली गल्लोगल्ली दिसतात.

*

निवांत_नाना

आमच्या घरात तीन पिढ्या वेखंड आणि मध चाटवून बोलत्या झाल्या. सगळं पाश्चात्त्य तेवढं खरं असं नाही. बाकी लेख उत्तम. पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा).

*

झुळूक

नाना, तीन पिढ्या वेखंडाशिवायही बोलत्या झाल्या असत्या, एवढंच नम्रपणे म्हणते. :) वेखंडाशी माझं भांडण नाही, त्यात निघून जाणाऱ्या वर्षाशी आहे. एक मात्र भांडून सांगेन: वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नको. त्यातल्या जिवाणूंमुळे त्या वयात बोटुलिझम होऊ शकतो. हे तुमच्या घरच्या बालरोगतज्ज्ञांनाही विचारा.

*

रुईची_आई

मुलगी अडीच वर्षांची. खूप बोलते, पण ‘काका’ला ‘ताता’, ‘गाडी’ला ‘दादी’. शेजारच्या काकू म्हणतात जिभेखालचा पडदा कापून घ्या. कापायचा का? आणि सासूबाई तिच्याशी मुद्दाम बोबडं बोलतात, त्याने होतंय का?

*

झुळूक

@रुईची_आई, जीभ वरच्या ओठाला टेकते का, बाहेर काढून दाखवते का, खाताना घास फिरवते का? हे होत असेल तर पडद्याचा प्रश्न बहुधा नाही. गंमत म्हणजे ‘क’ आणि ‘ग’ ला जिभेचा शेंडा लागतच नाही, मागचा भाग लागतो. तेव्हा पडदा कापून ‘ताता’चा ‘काका’ कसा व्हायचा? पुढचा आवाज मागच्या आवाजाच्या जागी घालणं या वयात नेहमीचं आहे, साधारण साडेतीनपर्यंत जातं. राहिलं तर दाखवा. ‘र’ आणि ‘ळ’ तर आणखी उशिरा येतात, पहिलीच्या सुमारापर्यंत धीर धरायला हरकत नाही. ढोबळ खूण: तिसऱ्या वर्षी परक्या माणसाला तिचं पाऊण बोलणं कळावं, चौथ्या वर्षी जवळजवळ सगळं.

सासूबाईंमुळे झालेलं नाही, त्यांना बोल लावू नका. फक्त ती ‘ताता आला’ म्हणाली की ‘हो, काका आला! काका कुठे बसला?’ असं बरोबर म्हणून पुढे जायचं. ‘नीट बोल, क म्हण, क’ असा वर्ग भरवायचा नाही.

*

माटुंगा_लोकल

मी तोतरा आहे. वय एकेचाळीस, नोकरी बँकेत. इथे पालक वाचतायत म्हणून आमच्या बाजूनेही लिहितो.

आम्हाला काय बोलायचंय ते माहीत असतं, शब्द समोर दिसत असतो, पण घसा कुलूपबंद होतो. माझं ‘द’ आणि ‘प’ वर अडतं. कॉलेजात असताना तिकीट खिडकीवर ‘दादर’ म्हणता यायचं नाही. मागे रांग, आतला माणूस काचेवर बोटं वाजवतोय. मग मी ‘माटुंगा’ म्हणायचो. एक स्टेशन पुढचं. चार पैसे जास्त जायचे, अब्रू वाचायची. आयडीचं मूळ हेच. हॉटेलात जे खायचंय ते न मागवता जे म्हणता येतं ते मागवणारे आमच्यात पुष्कळ आहेत. आता तिकीट ॲपवर निघतं, जेवण ॲपवर येतं. सोय झाली, पण माझ्यासारख्याला न बोलता आठवडा काढायची सवयही लागली, आणि ती वाईट.

शाळेत असताना तोंडात गोट्या ठेवून वाचायला लावलं, देवाला नवस झाले, ‘हळू बोल, श्वास घे’ तर रोज. ज्या थेरपिस्टमुळे फरक पडला त्यांनी पहिल्या दिवशी ‘तोतरेपणा घालवू’ असं म्हटलंच नाही. म्हणाल्या, तू शब्द टाळतोस किती, ते आधी कमी करू. मग स्टेशनवर जाऊन मुद्दाम ‘दादर’ मागायचा गृहपाठ. अडखळत मागायचं, पण दादरच मागायचं. शिवाय द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशनचे स्वमदत गट आहेत, २००८ पासून काम चालतं. आपल्यासारखे वीस लोक एका खोलीत अडखळत हसतायत हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा काय वाटलं ते लिहिता येणार नाही.

पालकांना एकच सांगणं. मुलाचं वाक्य तुम्ही पुरं करू नका.

*

खारेदाणे

@माटुंगा_लोकल, __/\__ 

माझा पुतण्या चार वर्षांचा, दोन महिन्यांपासून ‘म-म-म-मला’ असं करतो. दाखवायचं का?

*

झुळूक

@माटुंगा_लोकल, हा प्रतिसाद माझ्या क्लिनिकमध्ये लावायची परवानगी द्या.

@खारेदाणे, दोन ते पाच या वयात बऱ्याच मुलांचं असं होतं आणि त्यातल्या चारपैकी साधारण तिघांचं आपोआप जातं. पण कोणाचं जाईल ते छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. घराण्यात कोणी तोतरं असेल, मुलगा असेल, सहा महिन्यांवर टिकलं असेल, बोलताना डोळे मिटणं, मान झटकणं सुरू झालं असेल, तर वाट बघू नका. तोवर घरातल्या मोठ्यांनीच सावकाश बोलायचं. त्याला ‘सावकाश बोल’ सांगायचं नाही, आपण सावकाश व्हायचं. आणि दिवसातली दहा मिनिटं मोबाइल बाजूला ठेवून फक्त त्याची.

*

शहाद्याचा_मास्तर (मास्तर नाही, पण गावात तेच म्हणतात)

झुळूकताई, शहरातलं झालं. आमच्याकडचं लिहितो.

मी नंदुरबार भागात जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात कंत्राटी ऑडिओलॉजिस्ट-कम-स्पीच थेरपिस्ट आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात (२०१३ सालचा, सुरुवात आपल्या पालघरातून झाली होती) अंगणवाडी आणि शाळांमधून मुलं तपासून आमच्याकडे पाठवतात. कागदावर सुरेख. प्रत्यक्षात आई एक दिवसाची मजुरी बुडवून, दोन गाड्या बदलून येते. तिला मी ‘आठवड्यातून दोनदा या’ कसं सांगू? ती एकदा आली की तासभर बसवून घेतो, तिच्याच मोबाइलवर तिचाच खेळतानाचा व्हिडिओ काढून देतो आणि महिन्याने बोलावतो. व्हिडिओ घरातल्या सगळ्यांनी बघितलेला असतो, हा फायदा.

भाषेचं तर विचारूच नका. मुलं भिली, पावरी, मावची, अहिराणी घरात बोलतात. सरकारी तपासणी मराठीत. पुरवठ्यात आलेली चित्रकार्डं उघडली तर पहिलंच कार्ड टोस्टरचं, मग पेंग्विन, मग छत्री घेतलेला गोरा मुलगा. चार वर्षांचं पोर गप्प बसतं आणि कागदावर ‘भाषाविकास मंद’ पडतं! ती पेटी कपाटात आहे. माझ्या टेबलावर महू, कोयता, मक्याचं कणीस, बांगडी, कोंबडीचं पीस आणि एक जुनी टॉर्च असते. पावरी मला मोडकीतोडकी येते, बाकी आमच्या शिपाई मावशी दुभाषी. मावशींना पगारात याचं काही मिळत नाही, हे इथे नोंदवून ठेवतो.

आणि अर्ध्या केसेसमध्ये कान फुटलेला असतो. वाहता कान वर्षानुवर्षं. ‘येतंच असतं पाणी मुलांच्या कानातून’ म्हणतात. गरम तेल ओततात. तिथे थेरपीच्या आधी कान-नाक-घसा तज्ज्ञ लागतो आणि तो आठवड्यातून एकदाच येतो.

झुळूकताई जे घरच्या भाषेबद्दल म्हणाल्या, ते आमच्याकडे मराठीच्या बाबतीत लागू आहे. इथले शिक्षक पालकांना सांगतात, घरी पावरी बंद करा, मराठी बोला. तोच सल्ला, एक पायरी खाली.

*

तिरकस

‘एक पायरी खाली’ लागलं. प्रतिसाद आवडला, मास्तर.

*

परदेशी_पाहुणी

अमेरिकेत, न्यू जर्सीत, सरकारी शाळेत स्पीच लँग्वेज पॅथॉलॉजिस्ट आहे. इथलं थोडं.

शाळेतल्या मुलाला गरज असेल तर थेरपी मोफत मिळते, तो कायद्याने हक्क आहे, मूळ कायदा १९७५ चा. प्रत्येक मुलाचा एक वैयक्तिक आराखडा बनतो, पालकांच्या सहीशिवाय पहिल्यांदा सेवा सुरू होत नाही. ऐकायला छान. पण कागदपत्रं इतकी की मूल समोर असताना मी लॅपटॉपमध्ये असते. पाच-सहा मुलांचा गट, अर्धा तास, त्यातली पाच मिनिटं वर्गातून आणण्यात. झुळूक यांच्यासारखं आजीला शेजारी बसवून बोलता येत नाही याची खंत आहे. पालक वर्षातून मोजक्या वेळा भेटतात, तेही मीटिंगमध्ये, इस्त्रीच्या कपड्यांत.

आपल्या लोकांचा अनुभव: मुलाला शिक्षिकेने ‘बोलण्यात मागे’ म्हटलं की आई-बाबा त्याच संध्याकाळपासून मराठी टाकतात. मी हात जोडून सांगते, टाकू नका. आमच्या व्यावसायिक संघटनेचीही भूमिका स्पष्ट आहे: फरक वेगळा आणि दोष वेगळा. मूल ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ सारखेच म्हणतं किंवा ‘टी’ आपल्या ‘ट’ सारखा म्हणतं, तर तो उच्चाराचा दोष नाही, ते दोन भाषांचं मूल आहे. दोष असेल तर तो दोन्ही भाषांत दिसतो. म्हणून मी आईला विचारते, मराठीत गोष्ट सांगतो का, भावंडांशी भांडतो का? भांडण नीट करत असेल तर माझी निम्मी काळजी मिटते.

*

उंबर

वडील ७२, सात महिन्यांपूर्वी उजव्या बाजूचा पक्षाघात. चालतात आता काठीने. बोलणं गेलंय. ‘ते ते ते’ एवढंच. माझं नाव येत नाही. पण गणपतीत सगळे आरतीला उभे राहिले आणि बाबा पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत म्हणाले, स्पष्ट! आई रडायला लागली. दुसऱ्या दिवशी पुन्हा ‘ते ते ते’. मग नातेवाईक म्हणतात बोलता येतं, मुद्दाम बोलत नाहीत. शिव्याही स्पष्ट देतात, त्यामुळे तर त्यांची खात्रीच पटलीय. हे काय आहे?

*

झुळूक

@उंबर, मुद्दाम नाही, हे आधी त्या नातेवाइकांना सांगा. याला वाचाघात म्हणतात. बहुतेकांची भाषा मेंदूच्या डाव्या अर्ध्यात असते आणि उजवं अंग लुळं पडतं तेव्हा मार डावीकडेच बसलेला असतो. नवीन वाक्य जुळवणं तिथलं काम. पण आयुष्यभर म्हटलेली आरती, एक ते दहा आकडे, वार, शिव्या, ‘अरे देवा’ हे जुळवावं लागत नाही, ते सबंधच्या सबंध बाहेर येतं. चाल असेल तर आणखी सोपं. त्याचा थेरपीत उपयोग करतात: चालीत म्हणायला लावायचं, डाव्या हाताने ठेका द्यायचा, मग हळूहळू चाल काढत न्यायची. सगळ्यांना लागू पडतं असं नाही.

घरी करता येईल असं: ‘काय हवं?’ विचारू नका, ‘चहा की दूध?’ विचारा आणि दोन्ही वस्तू दाखवा. त्यांचं ‘हो’ आणि ‘नाही’ खरं आहे का ते तपासा, कारण वाचाघातात ‘नाही’ म्हणायचं असताना ‘हो’ निघतं. बोलण्यासोबत मान आणि हात बघा. टीव्ही बंद करून बोला. एका वहीत घरच्यांचे फोटो, देव, औषध, संडास, बँक, त्यांचा कट्टा, मित्र, असं त्यांचं स्वतःचं जग चिकटवा. आणि मोठ्याने बोलू नका, कान शाबूत आहेत. त्यांच्यासमोर ‘यांना काही कळत नाही’ तर कोणीच म्हणू नका. बरंचसं कळत असतं.

सुरुवातीच्या महिन्यांत वेग जास्त असतो हे खरं. पण सात महिने झाले म्हणून दार बंद झालं नाही, थेरपी सुरू करा.

*

हळदीची_वडी

प्राथमिक शिक्षिका, आवाज सहा महिने बसलेला. खडीसाखर, ज्येष्ठमध सगळं झालं. कुजबुजून शिकवते सध्या.

*

झुळूक

@हळदीची_वडी, कुजबूज थांबवा, तिने स्वरयंत्रावर ताण उलट वाढू शकतो. तीन आठवड्यांवर बसलेला आवाज कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवायचाच, दुर्बिणीने. शिक्षक, भाजीवाले, कीर्तनकार यांच्यात स्वररज्जूंवर गाठी येणं नेहमीचं आहे. लवकर आलं तर बहुतेक वेळा शस्त्रक्रियेशिवाय थेरपीवर भागतं. वर्गासाठी कमरेला लावायचा छोटा माइक-स्पीकर मिळतो, लाजू नका, घ्या.

*

खारेदाणे

अवांतर: स्वमग्न मुलाला टॅबवर चित्रं दाबून बोलायला दिलं तर बोलणं कायमचं राहतं का? बहिणीला असं सांगितलंय.

*

परदेशी_पाहुणी

नाही. संशोधन उलट दाखवतं: चित्रांनी बोलणं आल्याने तोंडी बोलणं थांबत नाही, काही मुलांचं वाढतंही. मागता आलं की आदळआपट कमी होते, हे तर आम्ही रोज बघतो. मुंबई आयआयटीचं ‘जेलो’ नावाचं मोफत ॲप आहे, मराठीतही चालतं. बहिणीने आधी स्वतः त्यावर बोलायचं, मुलाला दाखवत. ‘दाब, दाब’ म्हणून परीक्षा घ्यायची नाही.

*

बारावी_सायन्स

सगळं वाचलं. बीएएसएलपी (ऑडिओलॉजी आणि स्पीच लँग्वेज पॅथॉलॉजीची पदवी) करायचा विचार आहे. ‘एमबीबीएस नाही मिळालं म्हणून’ असं नातेवाईक म्हणतात. नीट परीक्षा लागते का? पैसे मिळतात का? खरं सांगा.

*

झुळूक

नीटचे गुण लागतात, राज्याच्या सामायिक प्रवेशप्रक्रियेत बीएएसएलपी आहे. स्वतंत्र संस्थांचे नियम त्या त्या वर्षीचं माहितीपत्रक बघून ठरव. अभ्यासक्रम चार वर्षांचा, शेवटचं वर्ष इंटर्नशिप. मुंबईत नायर आणि बांद्र्याची अली यावर जंग संस्था, पुण्यात भारती विद्यापीठ, राज्याबाहेर म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था. म्हैसूर म्हणजे आमच्या क्षेत्राचं माहेर, साठच्या दशकापासूनची. पुढे दोन वर्षांचं मास्टर्स कर, नुसत्या पदवीवर परदेशात फारसं चालत नाही आणि इथेही पुढे अडतं.

पैसे: सुरुवातीला कमी. शहरात लोक दिवसभर तीन क्लिनिक फिरतात, दर सेशनमागे टक्केवारी. श्रवणयंत्रं विकणाऱ्या कंपन्या जास्त देतात, म्हणून पुष्कळ जण कानाकडे वळतात. स्वतःचा जम बसायला काही वर्षं जातात, मग बरं चालतं. रजा टाकलेल्या दिवशी उत्पन्न शून्य, हेही लक्षात ठेव.

पाया दुखतात. जमिनीवर बसून काम असतं. आणि एकच शब्द दिवसभर म्हणायची चिकाटी नसेल तर नको येऊस.

*

शहाद्याचा_मास्तर

@बारावी_सायन्स, इंटर्नशिपच्या वर्षात मुंबई-पुणे सोडून जिल्ह्याच्या ठिकाणी पोस्टिंग मिळत असेल तर घे. आठवड्यात जेवढ्या प्रकारच्या केसेस इथे बघशील तेवढ्या तिकडे रांगेत उभं राहून मिळतात. राहायची सोय सरकारी क्वार्टरमध्ये होते, पंखा स्वतःचा आण. आणि आमच्याकडे दुसरी जागा रिकामीच आहे, गेल्या जाहिरातीला एकही अर्ज नव्हता.

*

बारावी_सायन्स

पंखा आणते. तोपर्यंत पावरी कुठे शिकता येईल?

*

शहाद्याचा_मास्तर

मावशींकडे. फी म्हणून त्यांना मराठी टायपिंग शिकव, मुलीच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचाय त्यांना.